आजारी इग्वाना घरी आला तर: आधी ऊब, मग पाणी, खाणं त्यानंतर

गेल्या वर्षी पावसाळा सरत असताना सांगलीत आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीतला एक मुलगा मिक्सरचं रिकामं खोकं छातीशी धरून दारात उभा राहिला. "काकू, हे मरतंय बहुतेक. बघा की जरा." खोक्यात जुन्या टॉवेलवर अडीच फुटांचा इग्वाना पडला होता. अंगाचा हिरवा रंग जाऊन मातकट तपकिरी झालेला, डोळे खोल गेलेले, मागच्या पायांची बोटं आपोआप थरथरत होती. कुणीतरी हौसेनं आणला, वर्षभर काचेच्या टाकीत ठेवला, कोबी आणि उकडलेलं अंडं खायला घातलं आणि शहर सोडताना मागे टाकून गेला.

त्या रात्री मी घाईघाईनं पपई आणि केळं चिरून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, "बरं झालं खाल्लं नाही. गार अंगाच्या सरड्याच्या पोटात अन्न पचत नाही, कुजतं." हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे. आजारी जीव दिसला की आपल्याला आधी त्याला खाऊ घालावंसं वाटतं. सरपटणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत मात्र क्रम उलटा आहे.

आधी नीट ओळखा, कायद्यासाठीही

शेजारीपाजारी त्याला "घोरपड" म्हणाले, दूधवाले दादा "सरडा" म्हणाले. हा फरक महत्त्वाचा आहे. घोरपड आपल्याकडची. तिची जीभ सापासारखी दुभंगलेली असते, ती मांसाहारी आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती जखमी सापडली तर घरात ठेवून उपचार करणं हा गुन्हाच ठरतो, मन कितीही चांगलं असलं तरी. सरळ वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि माणसं येईपर्यंत तिला सावलीत, शांत ठेवा. शिराळ्याच्या नागपंचमीतल्या जिवंत नागांमुळे आपल्या जिल्ह्यात हा कायदा घरोघरी ऐकून माहीत आहे, तो घोरपडीलाही तितकाच लागू आहे.

हिरवा इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. गळ्याखाली लोंबणारी मोठी झालर, पाठीवर काट्यांची रांग आणि कानाच्या खाली एकच मोठं गोल खवलं, यावरून तो ओळखू येतो. तो पूर्ण शाकाहारी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' यादीतले परदेशी प्राणीही कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. मी आधी वनविभागाला फोन करून तो माझ्याकडे कसा आला ते सांगितलं, त्याचे फोटो तारखेसह काढून ठेवले आणि मग अर्ज केला. हे उपचारांच्या बरोबरीनं सुरू करा, बरा होईपर्यंत थांबू नका.

"सागरेश्वर अभयारण्यात नेऊन सोड की, झाडं आहेत तिथं," असंही दोघातिघांनी सुचवलं. असं कधीही करू नका. आजारी असेल तर तो तिथं मरेल. जगला तरी परक्या मुलखातल्या प्राण्याला आपल्या रानात जागा नाही.

पहिली रात्र: ऊब

सरडा स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही, ती बाहेरून घेतो. पचन, औषधाचा परिणाम, रोगाशी लढण्याची ताकद, सगळं त्या बाहेरच्या उबेवर चालतं. इग्वानाला दिवसा आसपासची हवा २९ ते ३२ अंश सेल्सिअस लागते. बसून शेकायची एक जागा ३५ ते ३८ अंशांची हवी आणि रात्री तापमान २४ अंशांच्या खाली जाऊ नये. एका बाजूला गरम, दुसऱ्या बाजूला थोडं गार असं ठेवायचं, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. आजारी प्राणी सरकूही शकत नसेल तर शेकायच्या जागेजवळ ठेवा पण थेट दिव्याखाली नको, आणि दर अर्ध्या तासानं बघा.

हाताला गरम लागतंय एवढ्यावर विसंबू नका. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर फार महाग नसतो. दोन घ्या, एक गरम टोकाला आणि एक गार टोकाला. दिवसा साधा हॅलोजन किंवा तारेचा (फिलामेंटचा) पिवळा बल्ब चालतो. रात्री उजेड नको, म्हणून सिरॅमिकचा उष्णता देणारा बल्ब, थर्मोस्टॅटला जोडलेला. बल्बभोवती जाळी हवीच. सरडे तापलेल्या बल्बला चिकटून बसतात आणि कातडी भाजेपर्यंत हलत नाहीत, त्यांना खालून-वरून बसणारा चटका वेळेवर कळत नाही. 'हीट रॉक' नावाचा विजेवर तापणारा दगड याच कारणासाठी घेऊ नका.

पहिल्या रात्री यातलं काहीच घरात नसतं. माझ्याकडेही नव्हतं. थर्माकोलचं खोकं घ्या, झाकणाला भोकं पाडा, रबरी गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा आणि तीन-चार तासांनी पाणी बदला. अर्धं खोकं पिशवीशिवाय मोकळं राहू द्या. अंधार, शांतता, घरात कुत्रं-मांजर असेल तर बंद दार. आणि हात लावताना वरून झडप घालू नका. इग्वानाच्या डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मागे, मध्यभागी एक फिकट ठिपका असतो. तो तिसरा डोळाच आहे. त्याला चित्र दिसत नाही पण सावली कळते. वरून आलेली सावली म्हणजे घार, हे त्याच्या अंगात भिनलेलं आहे. बाजूनं, हळू, पोटाखाली पूर्ण तळहात घालून उचला. शेपटीला धरू नका, तुटून हातात येते.

मग पाणी

डोळे खोल, चिमटीत धरलेली कातडी पटकन पूर्ववत न होणं, तोंडात चिकट तार येणं ही पाणी कमी झाल्याची खूण. विष्ठेकडेही बघा. तिच्यासोबत पडणारा पांढरा, मऊ भाग म्हणजे त्याची लघवी. तो पिवळा-केशरी किंवा खडूसारखा करकरीत असेल तर पाणी कमी पडतंय.

अंग तासभर तरी उबेत राहिल्यावर कोमट पाण्याचं स्नान द्या. पाणी ३० अंशांच्या आसपास असावं, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला जेमतेम कोमट लागेल इतकं. खोली त्याच्या पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच. १५ ते २० मिनिटं, दिवसातून एकदा. अशक्त असेल तर हनुवटीखाली हात ठेवून बसून राहा, फोन आला म्हणून उठायचं नाही. बहुतेक इग्वाना पाण्यातच शी करतात, आणि ती झाली की तुमचं अर्धं काम झालं. नंतर पुसून लगेच उबेत.

पाचू (हे नाव माझ्या लेकीनं ठेवलं) पहिल्या दोन दिवसांत पाण्यात तोंड घालून प्यायला लागला. पिशवीतून किंवा सिरिंजनं घशात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. ओठाच्या कडेला थेंब लावा, चाटेल. चाटतच नसेल तर कातडीखालून सलाइन देणं हे डॉक्टरांचं काम.

एक गोष्ट पाहून घाबरू नका. शिंकताना नाकातून पांढरं, मिठासारखं काहीतरी उडतं आणि काचेवर वाळतं. ते मीठच असतं. इग्वानाच्या नाकात जादा क्षार बाहेर टाकणारी ग्रंथी असते. सर्दी समजून अँटिबायोटिक देणारेही मी पाहिले आहेत. तोंड उघडून श्वास घेणं, नाकातून फेस किंवा बुडबुडे येणं हे मात्र आजाराचं लक्षण आहे.

डॉक्टर

सांगलीत कुत्र्या-मांजरांचे आणि गाई-म्हशींचे डॉक्टर खूप, सरपटणाऱ्या प्राण्यांवर हात बसलेले कमी. आधी फोन करून विचारा: "इग्वाना पाहिलाय का? एक्स-रे काढता येईल का?" अनुभव कमी असलेले डॉक्टरही जर दुसऱ्या शहरातल्या जाणत्या डॉक्टरांशी फोनवर बोलून उपचार करायला तयार असतील तर तेही चांगलं. कोल्हापूर आणि पुण्यात चौकशी करा. सातारा जिल्ह्यात शिरवळला, खंबाटकी घाट उतरून पुढे, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथंही निघण्याआधी फोन करून जा. प्रवासात तेच थर्माकोलचं खोकं, तीच टॉवेलात गुंडाळलेली पिशवी, गाडीत एसी बंद.

जाताना ताजी शी छोट्या डबीत न्या. इग्वानांच्या आतड्यात सूतकृमी बऱ्याचदा असतात. थोडे असले तर त्रास देत नाहीत, वाढले तर खाणं अंगी लागत नाही. ते पाहिल्याशिवाय जंताचं औषध नको. गोठ्यातलं जनावरांचं जंताचं औषध अंदाजानं पाजणं म्हणजे विष देणंच आहे, काही शे ग्रॅमच्या जिवाची मात्रा थेंबात मोजावी लागते.

यांपैकी काही दिसलं तर घरी थांबू नका, त्याच दिवशी निघा: अंगाला झटके येणं, गुदद्वारातून लाल मांस बाहेर येणं (ते ओल्या स्वच्छ फडक्यानं झाकून ठेवा), मागचे पाय लुळे पडणं, उबेत ठेवूनही अंग काळपट आणि डोळे मिटलेले राहणं. पोट फुगलंय, खात नाही, सतत उकरतेय, तर ती मादी असू शकते. नर नसतानाही मादीच्या पोटात अंडी धरतात. ती तरतरीत असेल तर तिला ओलसर माती-वाळूचा खोल टब द्या. मलूल असेल तर अंडी अडकली आहेत, उशीर जिवावर बेतेल.

हाडांचं दुखणं: मुडदूस

सोडून दिलेल्या इग्वानांमध्ये सगळ्यांत जास्त दिसतो तो हा आजार. डॉक्टर त्याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. आपल्या आजीच्या भाषेत सांगायचं तर मुडदूस.

रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. हाडं मऊ होतात आणि त्यांना आधार म्हणून भोवती तंतूंचा जाड थर भरत जातो. म्हणून मांड्या टणक आणि गुबगुबीत दिसतात. पाचूच्या आधीच्या मालकाला तो 'चांगला बाळसेदार' वाटत होता. जबडा दाबला तर रबरासारखा वाकतो, खालचा ओठ पूर्ण मिटत नाही, शेपटीत आणि पाठीत वाक येतो, बोटं थरथरतात. पोट जमिनीवरून उचलता येत नाही. असा प्राणी हातात असताना काचेची बरणी आहे असं समजा. घट्ट पकडीत बरगडी मोडू शकते. उंच फांद्या काढून टाका आणि पिंजऱ्याच्या तळाला टॉवेल घाला, म्हणजे पडला तरी लागणार नाही.

कारणं दोन, आणि दोन्ही एकदम दुरुस्त करावी लागतात. एक, अन्नात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त. दुसरं, ऊन नाही. उन्हातले यूव्हीबी किरण कातडीवर पडले की ड-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून शोषलं जात नाही. इग्वानाला तोंडावाटे दिलेलं ड-३ पुरेसं पडत नाही, त्याला ऊनच लागतं. खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. पाचू वर्षभर खिडकीजवळच होता. उजेड होता, ऊन नव्हतं.

सांगलीत ऊन भरपूर आहे, त्याचा उपयोग करा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर पोतं टाकून सावली केलेली, २० ते ३० मिनिटं. तुम्ही शेजारी बसून राहायचं, घारी-कावळे आणि मांजरं असतात. काचेची टाकी उन्हात कधीही ठेवू नका, दहा मिनिटांत आतली हवा जीव घेण्याइतकी तापते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत आणि गच्चीवर तर मुळीच नको. तो तोंड उघडून बसला तर लगेच सावलीत घ्या.

पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन नसतं, म्हणून यूव्हीबीची लांब ट्यूब लागतेच. दुकानात 'रेप्टाइल' लिहिलेला प्रत्येक दिवा यूव्हीबी देत नाही. साधा एलईडी तर नाहीच. मधे काच किंवा प्लास्टिक नको, अंतर बनवणाऱ्यानं सांगितलंय तेवढं, रोज १० ते १२ तास. ट्यूब दिसायला पेटत राहते पण तिचे यूव्हीबी किरण ६ ते १२ महिन्यांत क्षीण होतात.

कॅल्शियमचं औषध आणि त्याची मात्रा डॉक्टर रक्त आणि एक्स-रे पाहून ठरवतात. आपल्याकडे घरोघरी दुभत्या जनावरांच्या कॅल्शियमची बाटली असते, "त्यातलंच दोन थेंब द्या" असं कुणीतरी म्हणतंच. देऊ नका. त्यात बहुधा फॉस्फरसही असतं आणि ड-३ सुद्धा. लहान मुलांच्या सिरपाबाबतही आधी विचारा. ड-३ जास्त झालं की मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत चुना साठतो.

आता खाणं

अंग उबेत, डोळे वर आलेले, एकदा तरी शी झालेली. मग ताट. पहिल्या आठवड्यात अगदी थोडं, दिवसातून एकदा, सकाळी शेकून झाल्यावर. उपाशी शरीरावर एकदम भार टाकू नका.

बाहेरगावच्या याद्यांमध्ये जी पानं असतात ती आपल्याकडे मिळत नाहीत, आणि गरजही नाही. शेवग्याचा पाला कॅल्शियमनं भरलेला असतो आणि बहुतेक गल्ल्यांत एक तरी झाड असतं. जास्वंदीची पानं आणि फुलं द्या. पाचूनं पहिला घास घेतला तो लाल जास्वंदीचा, सहाव्या दिवशी. रेशीम शेती करणाऱ्या ओळखीच्यांकडून तुतीचा पाला मिळाला तर उत्तम. लसूणघास थोडा, बाकी पानांत मिसळून. जोडीला किसलेला लाल भोपळा, दोडका, कोवळा घेवडा, थोडी कोथिंबीर. पपई किंवा अंजीर चवीपुरतं, आठवड्यातून एकदा. सगळं त्याच्या डोक्याच्या निम्म्या आकाराएवढं चिरून, वर बिनफॉस्फरसच्या कॅल्शियम कार्बोनेटची चिमूट, डॉक्टर सांगतील त्या दिवशी.

द्राक्षाची पानंही त्याला आवडतात आणि चांगली असतात. पण तासगावच्या बागेतली आणू नका. छाटणीपासून फवारण्या सुरू असतात, मोरचूद-चुन्याचं मिश्रण पानावर बसलेलं असतं. परसात बिनफवारणीचा वेल असेल तरच. हाच नियम तुतीला आणि घासाला: ओळखीच्या माणसाला "शेवटची फवारणी कधी?" हे विचारून घ्या, आणि धुऊन द्या.

पालक, राजगिरा, माठ, चाकवत, चुका, अळू या पालेभाज्यांत ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. आजारपणात नकोच. कोबी-फ्लॉवर रोज नको. कांदा, अॅव्होकॅडो अजिबात नको. पिंजऱ्याजवळ कण्हेर असेल तर तोडा, तिचं प्रत्येक पान विषारी आहे. अंडं, मांस, किडे, कुत्र्याचं खाद्य, दूध, यातलं काही नाही. प्राणिज प्रथिनांनी इग्वानाची मूत्रपिंडं निकामी होतात. हे नुकसान कळायला वर्षं लागतात आणि कळतं तेव्हा भरून येत नाही.

खात नाही म्हणून जबडा उघडून भरवू नका, मऊ जबडा मोडेल. सिरिंजनं पातळ पाला भरवायची वेळ आलीच तर डॉक्टरांनी एकदा समोर करून दाखवलेलं असावं.

बाकीचं थोडक्यात

कात तुकड्या-तुकड्यांनी जाते. बोटांभोवती आणि शेपटीच्या टोकाला जुनी कात कड्यासारखी अडकली तर रक्त अडतं आणि बोट वाळून गळतं. कोमट स्नानानंतर मऊ ब्रशनं हलके चोळा, ओढू नका. अंगावर हलणारे काळे-लाल ठिपके म्हणजे गोचडीसारखे बारीक किडे. कुत्र्याचा स्प्रे मारू नका, डॉक्टरांना दाखवा. जखमेवर हळद दाबून बसवायची आपली सवय इथं नको. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून धुवा. सरड्याचा पू वाहत नाही, चीजसारखा घट्ट गोळा होतो. तोंडात किंवा गाठीत तसं दिसलं तर तो डॉक्टरांनीच काढायचा.

सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असतात, प्राणी ठणठणीत असला तरी. त्याचा टब वेगळा ठेवा आणि तो स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. प्रत्येक वेळी साबणानं हात. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा आजारी-वयस्कर माणूस असेल तर त्यांनी हाताळू नये.

किती दिवस लागतील

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणा (त्याच्यासाठी वेगळा) आणि दर रविवारी सकाळी, खाण्याआधी वजन लिहा. वहीत तापमान, स्नान, शी, काय खाल्लं तेही. पाचू आला तेव्हा ३१० ग्रॅम होता. दोन आठवड्यांनी ३३५, ते मुख्यतः पाण्याचं वजन. चौथ्या आठवड्यात सुई परत मागे आली आणि मी रात्रभर झोपले नाही. वही पाहिल्यावर कळलं, त्या आठवड्यात ढगांमुळे ऊन नव्हतं आणि शेकायची जागा ३१ अंशांवर आली होती. ट्यूब आणि बल्ब खाली घेतल्यावर पुन्हा खायला लागला. तीन महिन्यांनी ४२० ग्रॅम.

थरथर दोन-तीन आठवड्यांत थांबली, जबडा घट्ट व्हायला तीन महिने लागले. वाकलेली हाडं सरळ होत नाहीत. पाचूच्या शेपटीतला वाक आणि किंचित आखूड खालचा जबडा तसाच राहणार आहे, पण त्यानं त्याचं खाणं अडत नाही. बरं वाटू लागल्याची खूण त्याच्या नखांत दिसते. हातावर घेतलं की पकड जाणवते. मग एके दिवशी चारही पायांवर अंग उचलतो, जिभेनं नव्या वस्तू तपासतो, आणि शेपटीचा फटका मारतो. तो पहिला फटका बसला त्या दिवशी माझ्या लेकीनं घरात सगळ्यांना पेढे वाटले.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथं पारा बराच खाली उतरतो आणि पहाटे लाइट गेली तर सिरॅमिक बल्ब तासाभरात गार पडतो. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना थर्माकोल लावा, रबरी पिशवी आणि थर्मास भरून ठेवा, इन्व्हर्टर असेल तर त्यावर तो एक पॉइंट घ्या. आणि यूव्हीबी ट्यूब बसवाल त्या दिवशी तिच्या टोकाला मार्करनं तारीख लिहा. पाचूची ट्यूब सप्टेंबरात लावली होती. दुसरी आणून कपाटावर ठेवली आहे.